ऐकणारी पाटी

२५ ऑक्टोबर, शनिवार

भाऊबीज उरकून सुवर्णा आज कळवणला परत गेली. जाताना एक वस्तू घरात ठेवून गेली. काळी, चपटी, शाळेच्या पाटीएवढी. टॅब म्हणतात. "आप्पा, हा खास तुमच्यासाठी," म्हणाली. मी विचारलं, मला कशाला? फोन आहे की. तर तिने हसून आईकडे बघितलं. आई म्हणजे विमल, माझी बायको. तीही हसली. या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या की त्यात काहीतरी असतं, एवढं मला संसारात कळलेलं आहे.

सुवर्णा आणि जावई कळवणला औषधांचं दुकान चालवतात. सणाच्या गर्दीत दुकान सोडून आलेली मुलगी तासभर मला पाटी शिकवत बसते, हे काही सरळ नाही. शिकवलं तरी काय, सगळं तोंडातल्या तोंडात. हल्ली सगळे असेच बोलतात, अर्धं आत ठेवून. पडद्यावरचं एक हिरवं चौकोनी चित्र दाखवून ती बराच वेळ काहीतरी सांगत होती. मी मान हलवत राहिलो. शेवटी "कळलं ना आप्पा?" एवढं नीट ऐकू आलं.

कळलं म्हटलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

पाटी चालवून बघितली. पहिलं मत: वस्तू देखणी, स्वभाव चौकस.

जे दाबावं ते परवानगी मागतं. फोटो बघू का, तुम्ही कुठे आहात ते बघू का. त्या हिरव्या चित्रावर बोट ठेवलं तर विचारते, मायक्रोफोन वापरू का? 'नको' दाबलं. आपल्या घरात बसून बाहेरच्याला आपलं बोलणं कशाला ऐकवायचं?

बोटांचं वेगळंच. इगतपुरीच्या रेल्वे शेडमध्ये इंजिनांच्या मोटारी उघडण्यात माझी नोकरी गेली. पान्हे धरून राठ झालेली ही बोटं पाटीला बोटं वाटतच नाहीत. चारदा दाबावं तेव्हा एकदा जागी होते. विमलने कणकेचा हात पदराला पुसून नुसता टेकवला, तर लगेच उघडली. म्हणजे माणसं ओळखते. उभी धरली की चित्र उभं, आडवी धरली की आडवं. निजून बातम्या बघाव्यात तर सगळं कलंडतं.

आवाज अगदीच मरतुकडा. बातम्या सांगणारी नुसते ओठ हलवते. पूर्ण मोठा केला तरी तेच. एवढी चांगली काच आणि कर्णा असला. दुकानदाराने सुवर्णाला फसवलं.

बातम्या चालू असताना खालच्या मजल्यावरचे यादव वर आले. दारात उभे राहून काहीतरी बोलले. मी हात जोडले, तुम्हालाही शुभेच्छा म्हटलं. चेहरा मात्र शुभेच्छा द्यायला आल्यासारखा नव्हता.

२९ ऑक्टोबर, बुधवार

काल विमलशी गुडघ्याबद्दल बोललो. आज पाटी उघडली तर समोर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. हा योगायोग म्हणायचा? वरच्या कडेला एक बारीक डोळा आहे, त्यावर चिकटपट्टी लावून टाकली. कान कुठे आहेत ते सापडले नाहीत.

संध्याकाळी बुधाबरोबर फिरायला गेलो. बुधा शेडमधला माझा जोडीदार, आता पाठच्याच गल्लीत राहतो. त्याला तेलाचं सांगितलं. तो म्हणाला, सगळं ऐकत असतात हे. बुधा माझ्या बाजूला येऊन अगदी कानाजवळ बोलतो, बिडीचा वास येतो, पण त्याचं बोलणं स्वच्छ असतं.

गंगापूर रोड ओलांडताना त्याने एकदम दंड धरून मला मागे ओढलं. टेम्पो अंगाला घासून गेला. हॉर्न नाही, काही नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरून ठेवलेत आणि त्यात ही माणसं अशी मुकाट गाड्या हाकतात. मी टेम्पोवाल्याला शिव्या घातल्या. बुधा बराच वेळ माझ्याकडेच बघत राहिला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

रात्री जेवताना विमल काहीतरी म्हणाली. पदर तोंडाशी, आवाज खाली. डॉक्टर की ट्रॅक्टर, असं काहीतरी. पुन्हा विचारलं असतं, पण मागे दोनतीनदा विचारलं तर वैतागली होती. मी "बघू" म्हटलं. बहुतेक गोष्टींना हे उत्तर चालतं.

ती ताट तसंच ठेवून उठली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, पुढे कोणी मला वेडा म्हणू नये म्हणून.

दुपारी मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. विमल आत स्वयंपाकघरात. घरात तिसरं कोणी नाही. पाटी टेबलावर होती, ते हिरवं चित्र उघडं. विमलनेच 'हो' दाबून उघडलं असणार, हल्ली ती पाटी फार हाताळते. नजर गेली तर कोऱ्या पडद्यावर अक्षरं उमटत होती. मी हात लावला नव्हता. आपोआप.

अहो
अहो पाणी गेलं का बघा
अहो
ऐकताय का
अहो

घरात एक शब्द कोणी बोललं नव्हतं. कुकरसुद्धा गप्प होता. म्हणजे हे यंत्र स्वतःच्या मनाने लिहितं, आणि लिहितं तेही बायकोसारखं. अंगावर काटा आला.

तेवढ्यात विमल ओले हात घेऊन बाहेर आली. पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते. कांदा चिरत असावी. मी म्हटलं, हे बघ, भुताटकी. तिने पाटी उचलली आणि आत नेली.

नंतर नळ उघडला तर पाणी खरंच गेलेलं होतं. हे पाटीला कसं कळलं?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आता कटाचा अंदाज येतो आहे.

रोज दुपारी विमल पाटी घेऊन गॅलरीत जाते आणि दार लोटून सुवर्णाशी बोलते. पाटीवर सुवर्णाचा चेहरा दिसतो. मी गेलो की दोघी गप्प. आज कुंडीला पाणी घालायच्या निमित्ताने दाराशी उभा राहिलो. बाकी काही कानाला लागलं नाही, पण 'घाट' हा शब्द दोनदा ऐकू आला. मग सुवर्णा मोठ्याने म्हणाली, "काढूनच टाकायची आई, ठेवायची नाही. गुरुवारी जाऊच."

घाट म्हणजे इगतपुरीची जागा. घाटाच्या तोंडाशी मी घेतलेला तुकडा. तिथे दोन खोल्या बांधून राहायचं, सकाळी धुक्यात गाड्या चढताना बघायच्या, एवढं एक माझ्या मनात आहे. विमलला ते पसंत नाही हे माहीत होतं. तिथला पाऊस तिला नको. पण म्हणून मला न सांगता काढून टाकायची? आणि त्याचसाठी ही पाटी घरात आली? मी काय बोलतो, काय करतो ते कळवायला?

कपाट उघडून जागेचे कागद बघितले. जागेवर आहेत. किल्ली माझ्याकडे ठेवली.

८ नोव्हेंबर, शनिवार

विमल नीट जेवत नाही. डाव्या हाताने जड उचलत नाही, बादली मला उचलायला लावली. मन खात असेल तिचं.

बुधाला कटाचं सांगितलं. तो म्हणाला, "कोंडाजी, वहिनीला विचार ना सरळ. आणि एक काम कर, कान—" पुढे एक बस गेली. बुधानेही मग विषय सोडला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज सकाळचा चहा झाल्यावर विचारलं, "गुरुवारी कुठे जायचंय तुला?"

ती दचकली. खाली बघून काहीतरी बोलली. मी म्हटलं, "घाटावरची जागा माझ्या नावावर आहे. मला न विचारता विकायला निघालात मायलेकी?"

ती बघतच राहिली. मग उठली, गॅलरीचं दार लावलं, खिडकी लावली, आणि परत येऊन बोलायला लागली. आवाज एकदम तळाशी. खालीवर माणसं राहतात, त्यांच्या कानावर जायला नको अशी तिची बोलण्याची रीत. मला नुसते ओठ दिसत होते. मी चढा आवाज लावला. "मोठ्याने बोल की! लपवायचं काय आहे त्यात?"

पाटी आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर होती, हिरवं चित्र उघडं. त्यावर आधी माझं बोलणं उमटलं. मोठ्याने बोल की लपवायचं काय आहे त्यात. मग त्याखाली ओळी वाढत गेल्या.

मला चेव आला. म्हटलं, आता हिला या यंत्राचा खोटेपणाच दाखवतो. पाटी उचलली आणि मोठ्याने वाचायला लागलो. "हे बघ, काय वाट्टेल ते लिहिते. म्हणे, जागा कोण विकतंय. म्हणे, मला गाठ आली. छातीत, डाव्या बाजूला. म्हणे, नवरात्राच्या आधीपासून सांगते तुम्हाला. तुम्ही बघू म्हणता आणि पेपर वाचता…"

तिथे माझं वाचणं थांबलं. मान वर केली. वाटलं, विमल म्हणेल, छे, मी असं कुठे म्हणाले. ती नुसती डाव्या खांद्यावर पदर घट्ट धरून उभी होती.

"हे तू म्हणालीस?"

तिने हो म्हणून मान हलवली.

"मी ऐकलं नाही."

तिचे ओठ हलले. मी पाटीकडे बघितलं. उमटलं:

ऐकलं नाही का ऐकू आलं नाही

दोनदा वाचलं. खुर्चीत बसलो. थोड्या वेळाने पाटी तिच्यापुढे धरली आणि म्हटलं, पहिल्यापासून सांग.

तिने सांगितलं. आंघोळ करताना हाताला लागली. आधी दुखत नव्हती. मला सांगितलं. मग घटस्थापना, मग दसरा, पुन्हा सांगितलं. मी बघू म्हणालो. दिवाळीआधी सांगितलं, तेव्हाही बघू. मग तिला वाटलं, ह्यांना आपलं काही पडलेलंच नाही, आणि तिने सुवर्णाला सांगितलं. गुरुवारी सुवर्णा येणार, सुईची तपासणी करायला दवाखान्यात जायचं. मी येणार नाही असं दोघींनी धरूनच ठेवलेलं.

मी एकेक ओळ वाचत होतो. मध्ये दोनदा पाटीने 'गाठ'चं 'घाट' करून ठेवलं. म्हणजे ही चूक एकट्या माझ्याच कानाची नाही.

सगळं वाचून झाल्यावर तोंडातून काय निघावं? म्हणालो, "हे असलं घरातलं बोलणं बाहेर कुठेतरी कोणी वाचत असेल."

"वाचू द्या कोणी वाचायचं ते," विमल म्हणाली. "तुम्ही वाचलंत ना."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दवाखान्यात गेलो. तिघंही. मी पुढे.

डॉक्टर बाई वयाने लहान, तोंडावर मास्क. मास्कमुळे ओठही दिसेनात. मी पाटी त्यांच्या टेबलावर मांडली. त्यांनी विचारलं, हे काय? माझ्याआधी विमल बोलली आणि पाटीवर माझ्या डोळ्यांसमोर उमटलं: यांना कमी ऐकू येतं.

असं माझ्यासमोर कधी कोणी म्हटलेलं नव्हतं. निदान मला कळेल असं नाही.

बाईंनी पाटीकडे तोंड करून सावकाश सगळं सांगितलं. विमल आत गेली तेव्हा मी आणि सुवर्णा बाकावर बसलो. मी तिला विचारलं, "पाटी यासाठीच आणलीस?"

तिने लिहिणारं चित्र उघडलं आणि त्यात बोलली. "मागच्या वर्षी कानाच्या मशीनचं नाव काढलं तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता आप्पा. म्हटलं, कानाला राग येतो, डोळ्याला येणार नाही. तेव्हा आईच्या गाठीचं मला काही माहीत नव्हतं. तिने फोन केला तो दिवाळी झाल्यावर."

"मग हे चित्र कशाला आहे ते मला नीट सांगायचं होतंस."

"तासभर सांगत होते की."

१९ नोव्हेंबर, बुधवार

रिपोर्ट आला. पाटी पाच शब्दांत दोन चुका करते, पण 'कॅन्सर' हा शब्द तिने पहिल्या झटक्यात बरोबर लिहिला. पुसता येतो का बघितलं. पुसला तर बाईंचं पुढचं बोलणंही गेलं असतं, म्हणून ठेवला.

पुढचं बोलणं असं, की गाठ लहान आहे, पसरलेली दिसत नाही, सोमवारी काढू. आणखी दोनतीन महिने गेले असते तर अवघड होतं. "वेळेवर आलात," असं बाई म्हणाल्या. विमलने माझ्याकडे बघितलं नाही, हे तिचे उपकार.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कान तपासतात. सुवर्णाने हाताला धरून नेलं. या वेळी मी भांडलो नाही. एका छोट्या बंद खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे एक मुलगी खुंट्या फिरवत होती आणि तिच्यामागे सुवर्णा उभी.

मी वाट बघत बसलो. आवाज येईना. मला वाटलं, हेही यंत्र नादुरुस्त. ही मुलगी मुद्दाम काही वाजवतच नाहीये, माझी परीक्षा बघते आहे, असंही मनात येऊन गेलं. मग काचेतून सुवर्णाचा चेहरा दिसला. तिला बाहेर त्या मुलीच्या यंत्रातून तो आवाज ऐकू येत होता. माझ्या हातातल्या बटणाकडे बघत ती उभी होती आणि मी दाबावं म्हणून तिचा स्वतःचा अंगठा हलत होता.

शेडमध्ये असताना मी नुसतं कान लावून मोटारीचं दुखणं सांगायचो. ते कधी गेलं ते मला कळलंच नाही. एकदम जात नाही म्हणे. थोडं थोडं जातं, आणि माणसाला वाटतं जगच हळू बोलायला लागलं.

मशीन पुढच्या महिन्यात मिळेल. तोवर पाटी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

खाली जाऊन यादवांच्या दाराची बेल वाजवली. पाटी पुढे धरून म्हटलं, त्या दिवशी तुम्ही काय म्हणत होता? ते ओशाळले. म्हणाले, टीव्ही, पाटी, जे काय असेल ते जरा हळू लावा, आमच्या आईला झोप लागत नाही. मी माफी मागितली. त्यांनी चहा दिला.

पाटीवर अजून माझा पूर्ण विश्वास नाही. डोळ्यावरची चिकटपट्टी तशीच आहे. परवा 'विमल' ऐवजी 'विमान' लिहिलं आणि कालपासून विमानप्रवासाच्या जाहिराती येताहेत. पण मायक्रोफोनला आता मी स्वतः 'हो' दाबतो. विमल दिवसभरात काय काय बोलते ते वाचतो आहे. अर्धं तर मला उद्देशून नसतंच. तुळशीशी बोलते, दुधाशी बोलते. आज गॅसशी बोलली: पेट रे बाबा, सोमवारी मी नाय तुला पेटवायला.

ते वाचून मी आत गेलो आणि गॅस पेटवून दिला. ती माझ्याकडे बघत राहिली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ऑपरेशन झालं. आधी हे लिहितो. दुपारी डॉक्टर बाई बाहेर आल्या, मास्क खाली करून म्हणाल्या, सगळी गाठ निघाली, नीट झालं. पुढे बरेच दिवस उपचार आहेत, केस जातील कदाचित, पण माणूस राहील. विमल खोलीत झोपली आहे. सुवर्णा तिच्या उशाशी. खिडकीतून ऊन उतरताना दिसतंय.

सकाळचं लिहायचं राहिलं.

विमलला ढकलगाडीवरून नेत होते तेव्हा पाटी सुवर्णाच्या पिशवीत होती आणि सुवर्णा खाली औषधं आणायला गेलेली. दाराशी गाडी वळताना विमलने माझ्याकडे मान केली आणि काहीतरी बोलली. नुसते ओठ दिसले. माझी मान हलायला लागली, सवयीने. हो हो म्हणून.

गाडी आत निघाली. मी मान थांबवली आणि धावलो. दारातल्या नर्सने हात आडवा केला. मी म्हटलं, एक मिनिट थांबवा. आणि सगळ्या व्हरांड्यात जाईल अशा आवाजात ओरडलो, "विमल, मला ऐकू आलं नाही! परत सांग!"

बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. नर्सचा हात खाली गेला. विमल कोपरावर जरा उठली. त्या हिरव्या झग्याला तोंडाशी धरायला पदर नव्हता. चार लोकांत कधी मोठ्याने न बोललेली बाई, तिने सगळ्यांसमोर ठणठणीत आवाजात सांगितलं, "मला लय भ्या वाटतंय म्हटलं!"

शब्द न् शब्द ऐकू आला.

"मलापण," मी म्हणालो, तेवढ्याच मोठ्याने.

ती परत निजली. नर्सने दार लावलं.